चांगल्या खताची बदनामी

१

रविवारी सकाळी मित्रमंडळाच्या मैदानावर सगळ्यात आधी अंजनीबाई पोचल्या. फुलकोबीच्या वाफ्यापाशी त्या वाकल्या आणि तिथूनच त्यांनी मागून येणाऱ्या नवऱ्याला हाक मारली.

"अहो, लवकर या. हे सगळं मेलंय."

भाऊराव पांढरीपांडे येऊन पाहतात तो कोबी, टोमॅटो, वांगी, एकही वाफा वाचलेला नव्हता. रोपं मातीवर आडवी पडली होती. पानांच्या कडा तव्यावर करपल्यासारख्या तपकिरी झाल्या होत्या. माती मात्र ओली होती, म्हणजे पाण्याची कमतरता नव्हती.

१९४३ सालचा डिसेंबर होता. लढाईचं पाचवं वर्ष. जबलपूरचे कारखाने तिन्ही पाळ्यांत चालत होते, गावात माणसं वाढली होती आणि बाजारात भाजीला हात लावायची सोय उरली नव्हती. मंडळात येणारी मराठी कुटुंबं कारखान्यातली, रेल्वेतली, कचेऱ्यांतली. भाजी घरीच पिकवा असं सरकार सांगत होतं, म्हणून मंडळानं आपलं बॅडमिंटनचं मैदान खणून वाफे केले. त्यासाठी लागणारं खत निवडायचं काम भाऊरावांकडे होतं.

थोड्याच वेळात लोक जमले. भय्यासाहेब उमाठे काठी टेकत आले. ते सिव्हिल लाइन्समधल्या एका कचेरीत हेडक्लार्क होते आणि बॅडमिंटनचे मोठे शौकीन.

"भाऊराव, साऱ्या जबलपूरमधून निवडून आणलं ना तुम्ही खत? मग हे काय आहे?"

भाऊरावांनी वाकून एक करपलेलं पान खुडलं.  तेवढ्यात फाटकातून मुरलीधर ढोबळे आत आला. ज्याच्या तबेल्यातून खत आणलं, तो हा. चाळिशीचा, अंगात खाकी शर्ट. त्यानं वाफ्यांकडे एकदा पाहिलं आणि हात जोडले.

"भाऊरावजी, दोष आमच्या मालाचाच हाय. खत कच्चं होतं. मी गावाला गेलो होतो, मागं बाईमाणसानं विकून टाकलं. हा घ्या तुमचा विसार परत. आता पुढची गाडी मी पाठवत नाही. खताचा खड्डा आणखी वर्षभर मुरू द्या."

लोकांना त्याचं कौतुक वाटलं. इतका सरळ माणूस या दिवसांत कुठे भेटतो? भाऊरावांनी विसार हातात घेतला, पण त्यांची नजर मुरलीधरच्या तोंडावरून हलली नाही. रेल्वेच्या क्लेम्स कचेरीत त्यांचं आयुष्य गेलं होतं. फुटलेले माठ, भिजलेलं कापड, कुजलेली संत्री, असल्या मालाचे दावे तपासायचं ते काम. माल माझ्याकडूनच खराब निघाला, असं आपण होऊन सांगणारा पाठवणारा त्यांना साऱ्या नोकरीत भेटला नव्हता.

२

खत निवडायला भाऊराव निघाले होते ते महिन्यापूर्वी.

पहिल्यांदा ते ओमती भागाच्या मागे श्यामसुंदर साहूच्या ढिगाऱ्यावर गेले. खत दिसायला काळंभोर होतं. भाऊरावांनी मूठभर उचललं तर बोटं काजळासारखी काळी झाली. त्यात कोळशाची राख मिसळली होती. आतून असा उग्र वास आला की डोळ्यांत पाणी यावं. मूठ दाबली तर पाणी गळलं. एक काचेचा तुकडाही निघाला.

"साहूजी, ये तो अभी गोबर ही है," भाऊराव म्हणाले.

"बाबूजी, लड़ाई का टाइम है. इससे अच्छा मिले तो मुझे भी बताना."

दुसऱ्या दिवशी ते गोहलपुरात ढोबळ्यांच्या तबेल्यात गेले. हे लोक मूळचे पांढुर्ण्याकडचे. तिथे पाच-सहा म्हशी होत्या, कडेला एक लांबट खड्डा शेणामातीनं लिंपून बंद केलेला, आणि त्या खड्ड्याच्या पलीकडच्या अर्ध्या भागावर कडब्याची गंज रचलेली. ओल्या खड्ड्यावर कडबा रचलेला पाहून भाऊरावांना नवल वाटलं.

"खालचा कडबा सडत नाही काय?"

"सडते ना. दर खेपेला खालचा थर फेकाच लागते," अनसूया म्हणाली. ती मुरलीधरच्या धाकट्या भावाची, गणपतची बायको. वय पंचविशीच्या आसपास. "पण भासऱ्यांचा हट्ट. गंज तिथंच पाहिजे म्हणतात."

हा भासरा, म्हणजे थोरला दीर मुरलीधर, तेव्हा गावी गेला होता. अनसूयेनं खड्ड्याच्या अलीकडच्या टोकाचं लिंपण फोडून दिलं. भाऊरावांनी आधी कोपरापर्यंत हात आत घातला. आत गार होतं. कच्चं खत पोटात गरम असतं, हात ठेववत नाही. मग मूठभर बाहेर काढलं. रंग भाजलेल्या कॉफीचा होता, शेण कुठलं, काडी कुठली, पान कुठलं काही ओळखू येत नव्हतं. मूठ दाबली की लाडू वळला जाई, बोटानं टिचकी मारली की मोकळा होई. वास पाणी शिंपडलेल्या अंगणासारखा. दोन गांडुळं हातावर वळवळली.

"असं खत मी कित्येक वर्षांत पाहिलं नाही," भाऊराव म्हणाले.

अनसूयेचा चेहरा खुलला. "मी तर कव्हापासून म्हणून राहिले, का हे झालं, काढून विका. भासरे म्हणतात कच्चं हाय, हात नको लावू. आता तुम्हीच सांगा त्यायले."

"आणि मालक?"

"लढाईवर गेले. गेल्या साली, पावसाच्या आधी."

"पत्र येतं का?"

"नाही," ती म्हणाली आणि फावडं घेऊन लिंपणाचे तुकडे बाजूला सारू लागली.

विसार ठरला. सवयीप्रमाणे भाऊरावांनी नमुन्याचं मूठभर खत रुमालात बांधून नेलं. मुरलीधर गावाहून परतायच्या आतच पहिली गाडी मैदानावर येऊन पडली होती.

३

"माल तीन ठिकाणी बिघडू शकतो," रविवारी संध्याकाळी भाऊराव बायकोला म्हणाले. "पाठवणाऱ्याच्या घरी, वाटेत, नाहीतर घेणाऱ्याच्या घरी. आधी ठिकाण शोधायचं. मग माणूस शोधावाच लागत नाही, तो तिथंच उभा असतो."

"मग शोधा," अंजनीबाई म्हणाल्या. "पण जेवून."

भाऊरावांनी वाटीएवढ्या तीन कुंड्या भरल्या. पहिलीत रुमालात बांधून आणलेलं, खड्ड्यातलं खत. दुसरीत मैदानाच्या कोपऱ्यात गाडीतून उतरवलेल्या ढिगाचं, जे वाफ्यांत घालून उरलं होतं. तिसरीत मेलेल्या कोबीच्या वाफ्यातली खतमाती. तिन्हींत सारखीच मेथी पेरली. मेथी लवकर उगवते आणि खतात काही खोट असली तर ती लपवत नाही.

मेथी उगवेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचा त्यांचा स्वभाव नव्हता. लोकांच्या तोंडी श्यामसुंदर साहूचं नाव फिरू लागलं होतं. त्याचं खत नापसंत झालं होतं, तेव्हा सूड घ्यायला त्याला कारण होतं. भाऊराव त्याच्याकडे गेले तेव्हा तो बिडी ओढत खाटेवर बसला होता.

"आइए बाबूजी. मर गए ना पौधे? सबको लगता है साहू ने मारे."

"लगता तो है."

"मैं क्यों मारूँगा? उस गड्ढे का माल तो मैं ख़ुद ख़रीदना चाहता था." श्यामसुंदरनं बिडी विझवली. "मेरे माल में थोड़ा वो मिला देता, तो आप जैसे लोग भी ले जाते. दो बार गया मुरलीधर के पास. मुँहमाँगा दाम बोला. उसने कहा, बेचना ही नहीं है."

"काहून?" भाऊरावांच्या तोंडून मराठीच निघालं.

"यही तो मैं पूछ रहा हूँ. घर में सोना पड़ा है और आदमी कहता है नहीं बेचूँगा! और पिछली दफ़ा तो मुझे धक्का देकर निकाला. मैं सिर्फ़ उसकी कड़बी की गंजी के पास जाकर खड़ा हुआ था, बस."

४

कुंड्यांचा निकाल लागला.

पहिल्या कुंडीत मेथी दाट उगवली. दुसरीतही तशीच. तिसरीत एक मोड वर आला होता, तोही टोकाला जळलेला.

"म्हणजे खड्ड्यातलं चांगलं, ढिगातलं चांगलं, अन् वाफ्यातलंच वाईट," अंजनीबाई म्हणाल्या.

"म्हणजे खत चांगलंच होतं. मैदानावर येऊन पडलं तोवरही चांगलं होतं. वाफ्यात घातल्यावर त्यात कोणीतरी काहीतरी टाकलं."

भाऊरावांच्या मनावरचं ओझं उतरलं, पण थोडंच. आपली निवड चुकली नव्हती, इतकं कळलं. आपल्याच मंडळाच्या मैदानात कोणीतरी उभी रोपं मारली होती, हेही कळलं. आणि बॅडमिंटनचं मैदान गेल्याचं ज्याला सगळ्यात जास्त दुःख होतं, तो माणूस मैदानाला लागूनच राहत होता.

भय्यासाहेब व्हरांड्यात आरामखुर्चीवर बसले होते. पाय मुरगळल्यामुळे त्यांनी दोन आठवडे रजा घेतली होती.

"अच्छा, म्हणजे आता माझी पाळी," ते म्हणाले. "मला बॅडमिंटन पाहिजे होतं, सगळ्यांना माहीत आहे. म्हणून मी कोबी मारीन काय? माझी विनीता रोज सकाळी त्या रोपांना नमस्कार करून शाळेत जाते. पोरीचा चेहरा पाहिला असता ना तुम्ही रविवारी!"

"तुम्ही मारली असं मी म्हणत नाही. तुम्ही इथे बसून असता. दुपारी मैदानात कोण आलं होतं?"

"दुपारी कोण येणार? पुरुष ड्यूटीवर, बायका घरात. आला असेल तर तो एक बिचारा तबेलेवाला."

"कधी?"

"रोपं मेली त्याआधीच्या गुरुवारी. हातगाडीवर डबे घेऊन आला होता. शेणाचं पाणी देतो म्हणाला, रोपं जोर धरतील. मी म्हटलं, द्या भैया. सगळ्या वाफ्यांना त्यानं स्वतः वाकून वाकून पाणी घातलं. फुकट! असा माणूस आहे तो, आणि तुम्ही चौकशा करून राहिले माझ्या."

भाऊराव उठले.

"भय्यासाहेब, रविवारी सकाळी रोपं मेल्याचा निरोप त्याला कोणी पाठवला होता?"

भय्यासाहेबांनी आठवून पाहिलं. "नाही बुवा. आम्हालाच तेव्हा कळत होतं."

"मग विसाराचे पैसे हातात घेऊन तो कसा आला?"

५

भाऊराव परत वाफ्यांकडे गेले. पाणी देणं बंद झाल्यानं माती आता वाळली होती आणि तिच्यावर पांढरट पोपडा आला होता. त्यांनी बोटाला जरासा लावून जिभेवर टेकवला. मीठ. पोपड्यात बारीक काळे कपचेही चमकत होते. चहाच्या पेट्यांत लोखंडाचा कीस मिसळणारे व्यापारी पकडायला त्यांनी एक लोहचुंबक बाळगला होता, तो घरून आणून फिरवला. कपचे त्याला चिकटून वर आले.

लोखंडाचे कपचे आणि मीठ. शेणाच्या पाण्यात दोन्ही नसतात.

मुरलीधर तबेला सांभाळून गोहलपुरातल्या एका लहान वर्कशॉपात कामाला जात असे. तिथे लष्करासाठी टिकाव बनत. भाऊराव बाहेर उभे राहून बघत राहिले. आत एक कारागीर लालबुंद टिकाव चिमट्यात धरून हौदात बुडवत होता. चर्र आवाज होई, वाफ उठे आणि तापलेल्या लोखंडावरचे काळे कपचे सुटून तळाला जात.

"हौदात मीठ आहे?" त्यांनी मालकाला विचारलं.

"बगैर नमक के लोहा कड़क नहीं होता, बाबूजी. मुरलीधर ही करता है ये काम."

"जुनं पाणी कुठे टाकता?"

"नाली में. उस दिन मुरलीधर डिब्बों में भर के ले गया. बोला आँगन की घास मारनी है."

भाऊराव घरी आले आणि बायकोसमोर बसून त्यांनी सगळं सांगितलं.

"कोणी केलं ते कळलं," ते म्हणाले. "पण हिशेब जुळत नाही. स्वतःच्या चांगल्या मालाची बदनामी कोण करतो? विकायचं नव्हतं तर नाही म्हणायचं होतं. साहूला म्हटलंच की त्यानं."

अंजनीबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"तुम्हाला त्यानं नाही म्हटलं असतं हो. पण तिला काय सांगणार होता? ती तर वर्षभर म्हणते आहे, खत झालं. तुम्ही तिच्यादेखत ते खरं करून दाखवलं. आता पुन्हा कच्चं आहे म्हटलं तर ती विचारणार नाही का, काहून म्हणून? रोपं मेली की तिचंही तोंड बंद."

भाऊराव त्यांच्याकडे बघत राहिले.

"म्हणजे त्याला खत विकायचं नाही असं नाही," ते हळूच म्हणाले. "त्याला खड्डा उपसू द्यायचा नाही."

६

दुसऱ्या दिवशी मुरलीधर कामावर गेल्यावर दोघं गोहलपुरात गेले. अनसूया वैरण टाकत होती. त्यांना पाहून ती शरमली.

"माहं चुकलं भाऊजी. भासरे लय बोलले मले. तुमची रोपं गेली माह्यापायी."

"तुझं काही चुकलं नाही. खत चांगलंच होतं," भाऊराव म्हणाले. "मी आलोय दुसरंच विचारायला. तो खड्डा कोणी बंद केला?"

"भासऱ्यांनीच. हे गेले तव्हाच."

अंजनीबाई बाजेवर बसल्या आणि त्यांनी तिला शेजारी बसवलं. "नीट सांग बरं. ते गेले तेव्हा तू कुठे होतीस?"

"गढ्याले, मामेबहिणीच्या लग्नाले. तीन दिवस. त्याच्या आधी घरात रोज भांडण होऊन राहिलं होतं. यायले फौजेत भरती व्हायचं होतं. भासरे म्हणत, तू गेला तर म्हशी कोण पाहीन, मी वर्कशॉप करू का तबेला करू? मी पण नको म्हणून रडत होते. जातो म्हणजे जातोच, हा त्यायचा हेका." ती थांबली. "मी लग्नाहून आले तर भासरे म्हणाले, गेला तो. तुह्यावरही राग होता त्याचा, म्हणून भेटला नाही. नागपुरात जाऊन भरती होतो म्हणाला."

"तू चौकशी केलीस?"

"इथल्या भरतीच्या हापिसात गेले होते. ते म्हणाले, नागपूरचं आमच्याकडे कळत नाही. मले वाटलं, राग हाय तोवर लिहिणार नाहीत. मग पाऊस गेला, दिवाळी गेली. दुसरी दिवाळी गेली."

"आणि खड्डा?" भाऊरावांनी विचारलं. "तू लग्नाला गेलीस तेव्हा तो भरलेला होता?"

"नाही. अर्धाही नव्हता. हे दोघं मिळून भरत. मी आले तर काठोकाठ भरलेला, वरून लिंपलेला, अन् त्याच्यावर कडबा रचलेला. भासऱ्यांनी एकट्यानं केलं सारं. मले वाटलं, भाऊ गेल्याचं दुःख कामात काढलं त्यायनं."

ती हे सहज बोलून गेली. पण अंजनीबाईंनी तिचा हात घट्ट धरला होता, आणि भाऊराव गंजीकडे पाहत होते. तिनं दोघांच्या तोंडाकडे पाहिलं, मग गंजीकडे पाहिलं. 

"कडबा काढाचा हाय काय?" तिनं विचारलं.

७

कडबा काढायला पोलीस आले. भाऊरावांनी दारोगांना मिठाचं, मेथीचं, विसाराचं, सगळं ओळीनं सांगितलं. दारोगांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "और अगर गड्ढे में खाद ही निकली तो?"

"तर मी मुरलीधरची माफी मागेन," भाऊराव म्हणाले. "हात जोडून."

मुरलीधरला कामावरून बोलावून आणलं. त्याच्या हातांना वर्कशॉपाचं तेल तसंच होतं. दोन शिपायांनी गंजीच्या पेंढ्या उचलून बाजूला टाकायला सुरुवात केली. खालचा थर काळा पडून चिकटला होता. तो निघाला आणि लिंपण दिसलं. इतर ठिकाणी खड्डा सारखा दबला होता, इथे मात्र परातीसारखा खोलगट भाग झाला होता.

फावडं अजून मारलंही नव्हतं. मुरलीधर म्हशीच्या खुंट्याशी मटकन बसला.

"फावडं मारू नका," तो म्हणाला. "त्याले लागीन."

दारोगांनी शिपायांना हातानं थांबवलं.

"तो पिशवी भरून निघाला होता," मुरलीधर जमिनीकडे पाहत सांगू लागला. "म्हणाला, अनसूयाले गढ्याले जाऊन भेटतो अन् तसाच स्टेशनावर जातो. मी आडवा झालो. म्हटलं, लढाईत मरशीन. तो म्हणाला, बाजूले सर दादा. मी पिशवी ओढली, त्यानं ओढली. मी धक्का दिला. मागं गव्हाणीचा दगड होता. मारायचं नव्हतं मले. मी त्याले मरू नये म्हणूनच अडवून राहिलो होतो."

"डॉक्टरला का नाही बोलावलं?" दारोगांनी विचारलं.

"श्वासच नव्हता. मी तोंडात पाणी घातलं. तोंडातून परत आलं."

शिपायांनी मग हातांनीच उकरलं. खतानं आपलं काम पुरं केलं होतं. हाडं होती, कापडी पिशवीचे बंद होते, आणि उजव्या हाताचं चांदीचं कडं होतं. अनसूयेनं कडं ओळखलं. ती रडेल, किंचाळेल, मुरलीधरच्या अंगावर धावून जाईल, असं सगळ्यांना वाटत होतं. ती मुरलीधरसमोर जाऊन उभी राहिली.

"गढ्याले येऊन राहिले होते ते? मले भेटाले?"

मुरलीधरनं मान हलवली.

"अन् तुम्ही मले सांगितलं, राग धरून गेले. दीड वर्ष मी त्यायच्यावर रागावून राहिले." तिचा आवाज इथे फुटला. "न भेटता गेले म्हणून. रोज शिव्या घातल्या मी त्यायले मनात. मारलं ते मारलं. हे काहून केलं?"

 दारोगांनी मुरलीधरला उठवलं तेव्हा त्यानं एकदा म्हशींकडे पाहिलं आणि मुकाट्यानं चालू लागला.

८

मुरलीधरनं कोर्टात काही नाकारलं नाही. खून करायचा इरादा नव्हता हे न्यायाधीशांनी मानलं, पण प्रेत लपवलं, इतके दिवस खोटं सांगितलं, हेही धरलं. त्याला बरीच वर्षं तुरुंगवास झाला.

मंडळात आठ दिवस दुसरा विषय नव्हता. त्या खड्ड्याचं खत आपण भाजीला घातलं होतं, या विचारानं बायकांना अन्न गोड लागेना. भाऊरावांनी वाफ्यांतली सगळी खतमाती आणि कोपऱ्यातला ढीग काढून गाडीतून लांब नेऊन पुरायला लावला. मग जमिनीतलं मीठ उतरावं म्हणून पाण्यावर पाणी सोडलं. भय्यासाहेब पाय बरा झाल्यावर स्वतः बादल्या ओतायला उभे राहिले. खत निवडायचं काम पुन्हा कोणाला द्यायचं असा प्रश्न बैठकीत निघाला तेव्हा सगळ्यांनी भाऊरावांकडेच पाहिलं. भाऊराव नको म्हणाले. मग अंजनीबाई म्हणाल्या, मी निवडते, आणि त्यांनी निवडलं. उन्हाळ्यात भेंडी चांगली आली.

पण ते पुढचं. पोलिसांनी अस्थी ताब्यात दिल्या त्या दिवशी अनसूयेचा भाऊ पांढुर्ण्याहून आला होता. ग्वारीघाटावर त्यानं विधी केले. अनसूया पायरीवर बसून होती. कोणी सांगायच्या आधी तिनं कुंकू स्वतःच नर्मदेच्या पाण्यानं पुसलं, हात धुतले आणि कडं पदराच्या गाठीत बांधलं.

परतताना टांग्यात तिचा भाऊ म्हणाला, "अक्का, तबेला विकून टाक अन् घरी चाल. एकटी कशी ऱ्हाशीन इथं?"

"विकीन का ठेवीन, ते सांगीन तुले," ती म्हणाली. "आज नाही."

गोहलपुरात टांगा थांबला तेव्हा म्हशी आत हंबरत होत्या. धारांची वेळ केव्हाच उलटून गेली होती. अनसूया उतरली, आत गेली, भांडं विसळलं आणि पहिल्या म्हशीखाली बसली. भाऊ वैरण टाकायला गेला. अंजनीबाई क्षणभर टांग्यातच बसून राहिल्या, मग त्याही उतरल्या.

"तुम्ही जा घरी," त्या भाऊरावांना म्हणाल्या. "पोळ्या डब्यात आहेत. मी आज इथंच झोपते."

भाऊरावांनी मान डोलावली. टांगा वळला. मागे अंजनीबाईंचा आवाज येत होता. दुसरी बादली कुठे आहे, असं त्या अनसूयेला विचारत होत्या.